बदली तर होणारच, पण मागे ग्रुप टिकला पाहिजे

नवीन ठिकाणी क्वार्टर मिळतं, ट्रकमधून सामान उतरतं, नवरा दुसऱ्या दिवशी सकाळी ड्युटीवर हजर आणि मागे उरता तुम्ही, तीस-चाळीस खोकी आणि दर दहा मिनिटांनी "माझी शाळा कुठंय" विचारणारं पोरगं. ज्यांचा फौजी संसार आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. आमच्या चौथ्या की पाचव्या बदलीत (मोजणं सोडलंय आता) पोचल्याच्या दुसऱ्याच रात्री अकराच्या सुमारास मुलाला सणसणून ताप भरला, थर्मामीटर कुठल्यातरी खोक्यात, नवरा ड्युटीवर, फोनला रेंज नाही आणि दवाखाना कुठल्या दिशेला आहे तेसुद्धा मला माहीत नाही. शेवटी समोरचं दार वाजवलं. त्या बाईचं नावही माहीत नव्हतं मला. तिने थर्मामीटर दिला, गाडीची किल्ली उचलली आणि चप्पल घालता घालता म्हणाली, "चला, गाडीत बोलू." दुसऱ्या दिवशी सकाळी तिने वहीचं फाडलेलं एक पान आणून दिलं. त्यावर आठ नंबर, लहान मुलांचे डॉक्टर, पाणी गेलं तर कोण, वीज गेली तर कोण, शाळेच्या ऑफिसात कोणाशी बोलायचं वगैरे, आणि सगळ्यात खाली तिचा स्वतःचा, त्यापुढे कंसात "कधीही".

मला वाटलं ही इथली जुनीजाणती असणार. विचारलं तर म्हणाली, पाच महिने झाले येऊन.

एवढी लांबण लावली कारण पुढे जे सांगणारेय ते सगळं त्या पानातूनच आलंय. नवीन आलेलीला वीस वर्षं संसार केलेल्या सीनियर बाईंचा तितका उपयोग होत नाही जितका नुकतीच त्याच गोंधळातून बाहेर पडलेलीचा होतो. आणि दुसरं म्हणजे तीही दोन-तीन वर्षांत जाणार, मीही जाणार, त्यामुळे फौजी घरांनी एकमेकांना मदत करायचा जो ग्रुप उभा करायचा तो माणसं बदलली तरी चालू राहील असा करायचा. बाकी तपशील आहेत, पण गाडी तपशिलातच अडते म्हणून लिहितेय.

मीटिंग घेऊन सुरुवात करू नका

बऱ्याच जणी पहिल्या उत्साहात काय करतात, ग्रुपला नाव ठेवतात, लोगो करतात, अध्यक्ष-सचिव ठरवतात, पन्नास जणींना बोलावतात. पहिल्यांदा चाळीस येतात, दुसऱ्यांदा पंधरा, तिसऱ्यांदा त्याच चौघी ज्या खुर्च्या लावतात आणि त्याच उचलतात. मीसुद्धा एकदा हे केलंय, छान बॅनर छापला होता, तो पुढच्या बदलीत सामान झाकायला वापरला.

त्यापेक्षा सहा ते आठ घरं पकडा. तुमच्या जिन्यातली, गल्लीतली, मुलांच्या स्कूलबसच्या थांब्यावरची. प्रत्येकीला (आणि प्रत्येकाला, नवरे पण असतात, त्यावर पुढे येते) दोनच प्रश्न विचारा. इथे आल्यावर पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त कशाने अडलं होतं? आणि आठवड्यातले दोन तास दुसऱ्याला द्यायचे झाले तर तू काय करशील, जे तुला करायला आवडतं? उत्तरं वहीत लिहा. आठ घरांची उत्तरं समोर ठेवली की आपोआप दिसतं, तिघींना मुलं सांभाळायला कोणीतरी हवंय, दोघींना गाडी चालवता येत नाही, एकीला फॉर्म भरता येतात आणि तिला ते आवडतं (अशी माणसं असतात, त्यांना जपा). हाच तुमचा प्लॅन, याहून मोठा काही लागत नाही.

मोठी मोठी कामं पण अशाच छोट्या घोळक्यातून निघालीत. व्हिएतनाम युद्धात 1965 साली अमेरिकन नौदलाचे वैमानिक जेम्स स्टॉकडेल पकडले गेले, घरी बायको सिबिल आणि चार मुलगे. सरकारचं म्हणणं होतं गप्प राहा, कोणाशी बोलू नका. तिने आपल्यासारख्याच अडकलेल्या बायकांना कॅलिफोर्नियातल्या कोरोनाडोच्या आपल्या घरी जमवायला सुरुवात केली, अगदी घरातल्या टेबलाभोवती, आणि त्यातूनच पुढे 1970 साली युद्धकैदी आणि बेपत्ता सैनिकांच्या कुटुंबांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. तसंच 1969 मध्ये अ‍ॅनापोलिसला लष्करी बायका आणि विधवांचा एक छोटा गट एका गोष्टीसाठी एकत्र आला, नवरा गेल्यावर मागे राहिलेल्या घराला पेन्शनमधून काहीतरी मिळावं यासाठी, आणि 1972 मध्ये तसा कायदा झालासुद्धा. दोन्हीकडे हातात एक नेमकं काम होतं. नुसतं "चला एकमेकींना सपोर्ट करूया" एवढ्यावर ग्रुप जमत नाही, जमला तरी गप्पांपुढे जात नाही.

कामच करायला पाहिजे असंही नाही. इंग्लंडमध्ये कॅटरिकच्या छावणीत 2010 साली नवरे अफगाणिस्तानात असताना दोघी जणींनी गाण्याचा ग्रुप काढला, गळा कसा आहे वगैरे परीक्षा न घेता, आणि पुढे तसे ग्रुप छावणी छावणीत पसरले. गाताना कोणाला आपलं दुःख सांगावं लागत नाही, बाजूला बाजूला उभं राहिलं तरी पुरतं. काही जणींना समोरासमोर बसून मन मोकळं करायचं म्हटलं की घशात आवंढा येतो, त्यांच्यासाठी असं बाजूला उभं राहण्याचं काहीतरी ठेवाच, बागकाम, चालायला जाणं, मुलांची नाटुकली, काहीही.

"काही लागलं तर सांग" हे वाक्य बंद करा

हे वाक्य आपण सगळेच बोलतो आणि त्याने काहीही होत नाही, कारण ज्याला लागलंय तो सांगत नाही. त्याऐवजी वार आणि वेळ घालून बोला. "गुरुवारी चार ते सहा तुझी दोन्ही मुलं माझ्याकडे, तू झोप काढ नाहीतर बँकेत जा." याला हो किंवा नाही म्हणता येतं, "काही लागलं तर" ला फक्त "हो गं, थँक यू" म्हणता येतं.

व्हॉलंटियरची कामं पण अशीच कापून द्यायची. "वेलकमचं काम कोण बघेल?" असं विचारलं की सगळ्या खाली बघतात. "या तीन महिन्यांत आपल्या जिन्यात जे नवीन येतील त्यांना दुसऱ्या दिवशी नंबरांचं पान नेऊन द्यायचं, कोण करेल?" म्हटलं की हात वर होतो, कारण काम किती, कुठे सुरू आणि कुठे संपतं ते कळतं. प्रत्येक कामाला शेवटची तारीख हवी, तीन महिने पुरे. आणि प्रत्येक कामाला दोन माणसं, एक करणारी आणि एक बरोबर फिरणारी, कारण यातल्या एकीची बदलीची ऑर्डर कधीही येऊ शकते आणि ऑर्डर आली की दुसऱ्या आठवड्यात ती खोकी भरत असते.

एक नियम आम्ही फार उशिरा केला, तुम्ही आधीच करा. कोणीही एका वेळी दोनपेक्षा जास्त कामं घ्यायची नाहीत, मागून घेतली तरी द्यायची नाहीत. प्रत्येक ठिकाणी एक असते जी कशालाच नाही म्हणत नाही, मुलं सांभाळते, हॉस्पिटलला जाते, कार्यक्रमाचं सूत्रसंचालन करते, आणि सगळे म्हणतात ती आहे म्हणून चाललंय. मग एक दिवस ती फोन उचलायचं बंद करते. आमच्यातली अशी एक जण शेवटी इतकी वैतागली की ग्रुपमधून कोणाला न सांगता बाहेर पडली आणि मग लक्षात आलं की तिचा नवरा सात महिने बाहेर होता आणि त्या सात महिन्यांत तिच्या घरी चौकशीला कोणीही गेलं नव्हतं, सगळ्यांना वाटलं ती स्ट्राँग आहे. त्याची लाज अजून वाटते.

काय करायचं नाही ते पण ठरवून टाका. उधार-उसनवार ग्रुपमार्फत नाही. औषधं सुचवायची नाहीत. नवरा-बायकोच्या भांडणात बाजू घ्यायची नाही. कायदा आणि पेन्शनचा सल्ला द्यायचा नाही, फक्त कुठल्या ऑफिसात कोणाला भेटायचं ते सांगायचं आणि हवं तर बरोबर जायचं. बरोबर जाणं ही मदत लोक फार कमी लेखतात, पण कागद हातात धरून लाइनीत एकटं उभं राहणं आणि शेजारी कोणीतरी असणं यात फार फरक आहे.

रँक दाराबाहेर

आता जरा अवघड विषय. आपल्या दुनियेत नवऱ्याची रँक बायकोच्या पदराला बांधलेली असते, कोणी कबूल करो न करो. साहेबांच्या मिसेसनी "स्वयंसेवा करायचीय" म्हटलं की ती स्वयंसेवा राहत नाही, हुकूम होतो, आणि हुकमाने आलेली माणसं घड्याळ बघत बसतात. अमेरिकेच्या संरक्षण खात्याला तर 1980 च्या दशकाच्या शेवटी स्पष्ट धोरण काढावं लागलं की जोडीदार नोकरी करतो की छावणीतली स्वयंसेवा करतो यावरून सैनिकाचं मूल्यमापन होता कामा नये. असं लिहून द्यावं लागतं यातच सगळं आलं.

मग करायचं काय? आम्ही केलेल्या दोन-तीन गोष्टी चालल्या. ओळख करून देताना फक्त स्वतःचं नाव आणि स्वतःचं काहीतरी सांगायचं, नवरा कुठल्या हुद्द्यावर ते नाही. काम वाटणारी व्यक्ती दर तीन महिन्यांनी बदलायची आणि ती हुद्द्यावरून नाही, चिठ्ठी टाकून ठरवायची. आणि सीनियर बायकांना (मी पण आता त्यातच जमा आहे) मुद्दाम खालचं काम द्यायचं, खुर्च्या लावणं, मुलांच्या खोलीत बसणं. पहिल्यांदा सगळे अवघडतात, तिसऱ्यांदा कोणाच्या लक्षातही राहत नाही. तरी रँक पूर्ण जाते असं मी म्हणणार नाही, ती जात नाही, पण तास-दोन तास बाहेर थांबते.

अधिकृत संस्थांशी भांडण मात्र नको. भारतात 1966 पासून आर्मी वाइव्ज वेल्फेअर असोसिएशन आहे, म्हणजे आपली आवा, तिचं अध्यक्षपद परंपरेने लष्करप्रमुखांच्या पत्नीकडे असतं. ब्रिटनमध्ये साफा ही संस्था 1885 पासून सैनिकांच्या घरच्यांसाठी काम करतेय, तीही मोठ्या प्रमाणात व्हॉलंटियर्सच्या जोरावर. अशा संस्थांकडे हॉल असतो, योजनांची माहिती असते, ऑफिसातली ओळख असते. ते सगळं घ्या, वापरा. पण रात्री अकराला थर्मामीटर मात्र जिन्यातलीच देऊ शकते, ते काम आपलं.

मेंटर जोडी लावताना

मेंटर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर ज्ञान देणारी मोठी बाई येते. तसं नकोय. सहा महिने ते दीड वर्ष पुढे असलेली बघा. जिचं पहिलं डिप्लॉयमेंट (म्हणजे जोडीदार महिनोन्महिने ड्युटीवर लांब असण्याचा काळ) नुकतंच पार पडलंय तिला आठवत असतं की तिसऱ्या आठवड्यात रडू का आलं होतं. पंधरा वर्षांपूर्वी ज्याचं झालं त्याला फक्त "होतं सगळं सवयीने" एवढंच आठवतं आणि ते ऐकून नवीन मुलीला अजून एकटं वाटतं.

जोडी परिस्थिती बघून लावा, स्वभाव नंतर जुळतो. तान्हं बाळ असलेली तान्हं बाळ नुकतं मोठं झालेलीबरोबर, नोकरी सुटलेली नोकरी परत मिळवलेलीबरोबर, ज्यांच्या मुलाला विशेष शाळा किंवा थेरपी लागते त्यांना तशाच घराबरोबर, कारण बाकी सगळे कितीही चांगले असले तरी त्यांना ते कळत नाही. एकच पथ्य, दोघींचे जोडीदार एकमेकांचे थेट बॉस-हाताखालचे नसावेत. नाहीतर नवीन मुलगी घरातलं खरं काही सांगणारच नाही, आणि बरोबरच आहे तिचं.

मुदत नव्वद दिवस. हे फार महत्त्वाचं आहे कारण मुदत नसली की दोन महिन्यांनी फोन आपोआप कमी होतात, दोघींना अपराधी वाटायला लागतं आणि मग समोरासमोर आलं की नजर चुकवणं सुरू. नव्वद दिवसांत चार फोन किंवा भेटी नक्की, बाकी जमेल तसं. दुसऱ्या दिवशी एकदा, तेव्हा फक्त नंबर, डॉक्टर, शाळा. दहाव्या दिवशी, तेव्हा घर लागलेलं असतं आणि पहिल्यांदा रिकामं रिकामं वाटायला लागतं, म्हणून घराबाहेर काढायचं, कुठेही. तिसावा दिवस हा खरा, कारण तोवर सगळ्यांनी "कसं वाटतंय इथे" विचारून झालेलं असतं आणि आता कोणी विचारत नसतं. आणि नव्वदाव्या दिवशी एक प्रश्न विचारायचा: पुढे जी येईल तिची मेंटर तू होशील का? पाच-सहा जणींत तीन तरी हो म्हणतात, माझा अनुभव. ग्रुप इथूनच पुढे चालतो, जाहिरातीने नाही.

पहिल्या भेटीत मेंटरने एक गोष्ट तोंडाने बोलून टाकायची. "तू सांगशील ते माझ्यापाशी राहील, फक्त तुझ्या किंवा मुलांच्या जिवाला धोका असेल, घरात कोणी हात उचलत असेल, तर मी गप्प बसणार नाही, तुला सांगून पुढे मदत मागेन." अमेरिकन नौदलात 1970 पासून जहाजाजहाजाला ओम्बड्समन (घरची माणसं आणि अधिकारी यांच्यातला दुवा) नेमतात, अ‍ॅडमिरल झुमवॉल्ट यांनी सुरू केलेली पद्धत, नौसैनिकाची जोडीदारच व्हॉलंटियर म्हणून ते काम करते, तिला आधी ट्रेनिंग असतं आणि गुप्ततेचे नियमही असेच, काय पोटात ठेवायचं आणि काय कळवायलाच लागतं ते आधीच ठरलेलं. आपल्याला तेवढं मोठं ट्रेनिंग जमलं नाही तरी हे एक वाक्य जमतं. एका ठिकाणी मी मेंटर म्हणून मिळालेल्या बाईंना घरातल्या पैशांच्या अडचणीचं सांगितलं होतं आणि चौथ्या दिवशी जिन्यातल्या तिसऱ्याच बाईंनी मला "कर्ज फिटलं का?" विचारलं. त्यानंतर दीड वर्ष मी कोणाशी धड बोलले नाही. एकीच्या तोंडून गेलेली गोष्ट पूर्ण ग्रुपला बुडवते, म्हणून यात दुसरी संधी द्यायची नाही, त्या व्यक्तीला दुसरं काम द्या, खुर्च्या आहेतच.

आणि ऐकताना लगेच उपाय सांगू नका. "मी पण यातून गेले, मी असं केलं" हे वाक्य जिभेवर येतं ते गिळायचं, आधी विचारायचं, "सुचवू का काही, की नुसतं ऐकू?" निम्म्या वेळा उत्तर येतं नुसतं ऐक.

जायच्या आधीचं भांडण आणि आल्यानंतरची शांतता

कॅथलीन व्हेस्टल लोगन यांनी 1987 साली नौदलातल्या बायकांशी बोलून डिप्लॉयमेंटच्या काळात मनाचं काय होतं ते सात टप्प्यांत मांडलं होतं. मेंटर होणाऱ्या प्रत्येकीला मी ते सांगतेच, कारण त्यात एक गोष्ट अशी आहे की ऐकल्यावर बायका अक्षरशः सुस्कारा सोडतात. जोडीदार जायच्या चार-सहा आठवडे आधीपासून चिडचिड सुरू होते, आणि जायला थोडे दिवस उरले की माणूस मनाने आधीच लांब जायला लागतो, क्षुल्लक कारणावरून भांडणं होतात, "एकदाचा जा बाबा" असं मनात येतं आणि मग ते मनात आलं म्हणून स्वतःचाच राग येतो. ओला टॉवेल पलंगावर टाकला म्हणून आमच्याकडे निघायच्या आदल्या रात्री दोन तास अबोला होता. टॉवेलचा काय संबंध, पण त्या वेळी टॉवेलच दिसतो. हे बहुतेक घरांत होतं हे आधी कळलं असतं तर ते दोन तास वाया गेले नसते.

ग्रुपचं वेळापत्रक याच टप्प्यांवर बसवा. निघायच्या आधी महिनाभर त्या घराला एकटं सोडा, कार्यक्रमाला बोलावून त्रास देऊ नका, त्यांना एकमेकांबरोबर वेळ हवा असतो. निघाल्यानंतरचे पहिले सहा आठवडे सगळ्यात कच्चे, झोप नाही, जेवणाचं भान नाही, तेव्हा गुरुवार चार ते सहा वाली मदत घाला. मधल्या काळात घडी बसते, माणूस एकटीने सगळं निभावतो आणि त्यात थोडा तोरा पण येतो, येऊ द्या. अशाच वेळी तिला दुसऱ्या कोणाची मेंटर करा.

आणि परत आल्यावर! इथे सगळेच ग्रुप चुकतात. स्वागत झालं, फोटो झाले, आणि सगळ्यांनी हात झटकले, आता काय, सुखी संसार. पण तोवर घरात बिलं कोण भरतं, मुलांना कोण रागावतं, दिवे कधी बंद होतात हे सगळं बदललेलं असतं आणि आलेला माणूस पाहुण्यासारखा दाराशी उभा. लोगन यांच्या सात टप्प्यांतले शेवटचे दोन यावरच आहेत, संसाराचा करार नव्याने ठरवायचा आणि मग परत एकत्र रुळायचं. म्हणून मेंटरचा एक फोन परतल्यावर दोन आठवड्यांनी आणि एक सहा आठवड्यांनी, चुकवायचा नाही. "कसा आहे तो?" असं नाही विचारायचं, "तू कशी आहेस?" असं.

फोनवरच्या ग्रुपचे नियम

थोडक्यात. निघण्याची आणि येण्याची तारीख, जागा, युनिटची हालचाल, जहाजाचं नाव-ठिकाण असलं काहीही लिहायचं नाही, फोटोत मागे बोर्ड दिसत नाही ना बघायचं, आणि "फक्त एवढे दिवस राहिले" असली उलटी मोजणी पण टाकायची नाही. कितीही आनंद झाला तरी. शुभेच्छांचे फॉरवर्ड वेगळ्या ग्रुपवर, नाहीतर मुलाला रक्त हवंय हा मेसेज गुलाबाच्या फुलांखाली गाडला जातो, पाहिलंय मी.

वाईट बातमीचा नियम सगळ्यात आधी ठरवा, बातमी यायच्या आधी. टीव्हीवर काही आलं की अ‍ॅडमिनने ग्रुपवर लिहिणं बंद करायचं, फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल असं सेटिंग असतं ते लावायचं, आणि अधिकृतपणे घरी कळवलं जाईपर्यंत कोणीही नाव, युनिट, अंदाज, "ऐकलंय की" काही टाकायचं नाही. त्या काही तासांत ग्रुपमधल्या प्रत्येकीला वाटत असतं की माझंच दार वाजणार. अशा वेळी दोघी-दोघींनी एकत्र बसावं, टीव्ही बंद करून. लिहायला काहीच नसतं.

ज्यांना आपण विसरतो

सैन्यात बायका आहेत तसे त्यांचे नवरेही घरी आहेत. तो बिचारा सगळीकडे "लेडीज मीट" चं आमंत्रण वाचून मागे फिरतो. नाव बदला, "जोडीदार" म्हणा, आणि पहिल्यांदा त्याला बोलावताना अजून एका पुरुषाला बोलवा, सतरा बायकांत एकट्याला बसवू नका. नोकरी करणाऱ्या जणींना सकाळी अकराची भेट जमणार नाही, महिन्यातून एक तरी रात्रीची किंवा सुट्टीची ठेवा. छावणीबाहेर भाड्याने राहणारी, माहेरी नाहीतर सासरी राहून वाट बघणारी, यांना पत्ता लांब म्हणून वगळू नका, मेंटरचे फोन त्यांच्यासाठी तर जास्त लागतात.

आणि जिचा जोडीदार गेला तिला ग्रुपमधून काढू नका. अगदी स्पष्ट लिहितेय कारण हे होतं, कोणी मुद्दाम करत नाही, क्वार्टर सोडावं लागतं, नंबर बदलतो, आणि बाकीच्यांना तिच्यासमोर आपल्या नवऱ्याचं बोलायला अवघड वाटतं म्हणून सगळे गप्प होतात. बॉनी कॅरोल यांचे पती 1992 मध्ये अलास्कात लष्करी विमानाच्या अपघातात गेले, त्यानंतर 1994 साली त्यांनी टॅप्स ही संस्था काढली, जिथे असं दुःख सोसलेली माणसंच नव्याने सोसणाऱ्यांना मेंटर म्हणून साथ देतात. इथे पण तेच, त्याच वाटेवर थोडं पुढे असलेलं माणूस. तुमच्या सात-आठ घरांत तसं कोणी नसेल तर अशी संस्था शोधून द्या, आणि तुम्ही मात्र गुरुवारचे चार ते सहा सोडू नका.

केलेलं काम कागदावर आणा

सारख्या बदल्यांमुळे जोडीदाराच्या नोकरीची वाट लागते हे सगळीकडचं आहे. अमेरिकेत संरक्षण खात्याच्या पाहणीत नोकरी शोधणाऱ्या लष्करी जोडीदारांमधली बेरोजगारी 20 टक्क्यांच्या वर निघालीय, तिथल्या सर्वसाधारण दरापेक्षा कितीतरी जास्त. म्हणून ग्रुपमध्ये केलेलं काम हवेत विरू देऊ नका. कोणी किती तास, काय काम, कधी ते कधी, हे एका वहीत लिहा आणि जाताना सही करून पत्र द्या. "समाजसेवा केली" असं लिहू नका, "वर्षभरात चोवीस नवीन कुटुंबांच्या स्वागताचं नियोजन, अकरा व्हॉलंटियरचं वेळापत्रक" असं लिहा. मुलाखतीत रिकामी दोन वर्षं दाखवण्यापेक्षा हे बरं, आणि खोटं तर नाहीच.

निघताना

बदलीची ऑर्डर हातात पडली त्याच आठवड्यात तुमच्या कामात बरोबर फिरणारी जी आहे तिला पुढे करा, महिनाभर काम ती करेल आणि तुम्ही फक्त बरोबर फिराल. चुकली तरी मध्ये बोलू नका, हे सगळ्यात अवघड जातं. नंबरांचं पान पूर्ण तपासा, प्रत्येक नंबर स्वतः लावून बघा, कारण आठातले दोन तरी बदललेले असतात आणि कळतं ते नेमकं रात्री अकराला. वहीत शेवटी लिहा कुठल्या घराला सध्या काय चाललंय, पण गुपितं नाही, फक्त "तिसरा मजला, गुरुवारची मदत अजून दोन महिने हवी" एवढंच. अ‍ॅडमिन दुसऱ्या दोघींना करा आणि ट्रक लागायच्या आदल्या दिवशी स्वतः अ‍ॅडमिनमधून बाहेर पडा. ग्रुपमध्ये राहायचं असेल तर राहा, पण तिथल्या प्रश्नांना लांबून उत्तरं देऊ नका, मी सहा महिने देत होते आणि नवीन अ‍ॅडमिनला शेवटी म्हणावं लागलं, ताई, आता तिकडचं बघा.

तिकडे, म्हणजे त्या नव्या ठिकाणी, मी समोरचं दार वाजवलं तेव्हा आत खोकी दिसली. तीही आदल्याच दिवशी आली होती. दोघींनी मिळून पहिला नंबर शोधला तो लहान मुलांच्या डॉक्टरांचा.